कोल्ट, ॲडम्स आणि एक जुना प्रश्न

काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आले आणि येथे असे रुळले की, ते परके आहेत याची आठवणही आता कोणाला राहिलेली नाही. एका हाताने धरून उडविण्याच्या आखूड नळीच्या कोणत्याही बंदुकीला मराठी माणूस सरसकट पिस्तूल म्हणतो. जाणकार मात्र त्यात भेद करतात. ज्यात गोळ्यांची घरे असलेले चक्र फिरते ते रिव्हॉल्व्हर, म्हणजे पूर्वी ज्याला सहाबारी म्हणत ते. आणि ज्यात मुठीतल्या मॅगझिनमधून गोळ्या एकामागून एक आपोआप वर सरकतात ते स्वयंचलित पिस्तूल. या दोहोंपैकी चांगले कोणते? घराच्या रक्षणासाठी परवाना मागणारा गृहस्थ हा प्रश्न विचारतो. नेमबाजीचा छंद लागलेला तरुणही हाच प्रश्न विचारतो. दुकानदार एखाद्या कारखान्याचे नाव सांगून दोघांचेही समाधान करतो. इतिहासाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे ते इतके सरळ नाही. परंतु ते ऐकण्यासारखे आहे.

हा प्रश्न जगापुढे जाहीरपणे मांडला गेला तो १८५१ साली, लंडन शहरात. तत्पूर्वीची स्थिती थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. तोपर्यंतचे पिस्तूल म्हणजे ठासणीच्या बंदुकीचे धाकटे भावंड होते. नळीच्या तोंडातून दारू घालावी, गोळी ठासावी, चकमकीची ठिणगी पाडावी, की एक बार उडे. तो हुकला तर हाती उरे ते केवळ लाकूड आणि लोखंड. म्हणूनच घोडेस्वार खोगिराच्या दोन्ही अंगांस एकेक पिस्तूल बाळगीत आणि दोन्ही बार झाले की तलवारीस हात घालीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चकमक मागे पडून स्फोटक भरलेली तांब्याची टोपी आली. पाऊस आणि वारा यांचा जाच त्यामुळे कमी झाला; पण बार मात्र एकच राहिला. एलिशा कॉलियर या अमेरिकन गृहस्थाने १८१८ साली इंग्लंडात फिरत्या चक्राच्या चकमकी पिस्तुलाचे पेटंट मिळविले होते. कल्पना उत्तम होती. पण यंत्र नाजूक आणि महाग पडले. ज्या काळी प्रत्येक भाग कारागिराच्या कानशीने घासून बसविला जाई, त्या काळी असे यंत्र सर्वांच्या हाती पोहोचणे शक्य नव्हते.

ही अडचण ज्याने दूर केली त्या सॅम्युएल कोल्टचा हिंदुस्थानशी एक लहानसा संबंध आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी १८१४ साली जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी 'कोर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. हे जहाज कलकत्त्यास निघाले होते. या सफरीत जहाजावरचे एक चक्र फिरून ठरावीक जागी अडकते हे पाहून आपणास फिरत्या पिस्तुलाची कल्पना सुचली आणि आपण चाकूने कोरून त्याचा लाकडी नमुना केला, असे कोल्ट पुढे सांगत असे. संशोधकाने आपल्या संशोधनाची कथा सांगावी आणि ती थोडी रंगवून सांगावी, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. निश्चित गोष्ट एवढी की, १८३५ साली इंग्लंडात आणि १८३६ साली अमेरिकेत त्याने पेटंट मिळविले, न्यू जर्सीतील पॅटर्सन गावी कारखाना काढला आणि १८४२ साली तो कारखाना बुडाला. लोकांना वस्तू आवडली होती; परंतु सरकार घेईना आणि सरकार घेतल्यावाचून कारखाना चालेना.

त्याचे दैव उघडले ते युद्धामुळे. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातील लढाईत टेक्सासच्या सॅम्युएल वॉकर या अधिकाऱ्याच्या सूचनांवरून १८४७ साली कोल्टने एक प्रचंड सहाबारी बनविले. त्याचे वजन दोन किलोग्रॅमच्या घरात होते. हे पिस्तूल माणसाने कमरेस लावण्याचे नव्हते, घोड्याने वाहून नेण्याचे होते. सरकारने अशी एक हजार पिस्तुले मागविली आणि बुडालेला कारखानदार पुन्हा उभा राहिला. त्याने हार्टफर्ड येथे नवा कारखाना घातला आणि हाताच्या कारागिरीऐवजी यंत्रावर भर दिला. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यात बसावा हे त्याचे ध्येय होते.

१८५१ च्या मे महिन्यात लंडनच्या हाइड पार्कमधील काचेच्या महालात ते सुप्रसिद्ध जागतिक प्रदर्शन उघडले. कोल्टने तेथे आपली पिस्तुले शेकड्यांनी मांडली. त्याच प्रदर्शनात रॉबर्ट ॲडम्स या लंडनच्या कारागिराचे रिव्हॉल्व्हरही होते. त्याचे पेटंट त्याच वर्षीचे. मग जो वाद पेटला तो केवळ दोन व्यापाऱ्यांचा नव्हता. हातात धरण्याच्या शस्त्रापासून काय अपेक्षावे, याविषयीच्या दोन विचारांचा तो वाद होता.

कोल्टचे नौदलासाठी म्हणून प्रसिद्ध असलेले १८५१ चे पिस्तूल सहा बारांचे होते. गोळीचा व्यास इंचाच्या एकतृतीयांशाहून किंचित अधिक, म्हणजे .३६ इंच. प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे; त्याबरोबर चक्र एक घर पुढे सरके. नंतर चापावर बोटाचा हलकासा भार पुरे. चाप हलका म्हणून हात हलत नसे आणि हात हलत नसे म्हणून नेम चांगला लागे. ॲडम्सच्या पिस्तुलाचे तंत्र उलट होते. अंगठ्याने ओढण्यासारखी घोड्यास मागे शेपटीच नव्हती. चाप जोराने आणि लांबवर ओढला की त्या एकाच हालचालीत घोडा मागे जाई, चक्र फिरे आणि बार उडे. पाच बार वाटेल तितक्या त्वरेने झाडता येत. पण त्या ओढीच्या जोराने नळीचे तोंड डळमळे आणि लांबचा नेम हुके.

बांधणीतही असाच भेद होता. कोल्टच्या सांगाड्यास वरची पट्टी नव्हती. नळी एका पाचरीने जोडलेली असे. नेम धरण्याची मागची खाच तर त्याने घोड्याच्याच माथ्यावर कोरली होती! ॲडम्सने नळी आणि सांगाडा एकाच लोखंडाच्या तुकड्यातून घडविला. म्हणून त्याचे पिस्तूल अधिक दणकट. गोळीही मोठी, काही नमुन्यांत तर अर्ध्या इंचाच्या आसपास. उलटपक्षी कोल्टच्या पिस्तुलास गोळी ठासण्यासाठी नळीखाली दांडी जोडलेली होती. ॲडम्सच्या पहिल्या नमुन्यांत ती सोय नव्हती आणि गोळी अंगठ्याने दाबून बसवावी लागे. कोल्टचा माल यंत्राचा, म्हणून एकसारखा. ॲडम्सचा कारागिराच्या हातचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोल्टने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे यंत्राने शस्त्रे बनविण्याविषयी निबंध वाचला आणि त्याला संस्थेचे टेलफर्ड पदक मिळाले. शस्त्रविक्रेत्याचा असा विद्वत्सभेत सत्कार व्हावा, हे त्या यंत्रयुगाचेच लक्षण म्हटले पाहिजे. १८५३ साली टेम्सच्या काठी, पिम्लिको भागात, त्याने लंडनचा कारखानाही सुरू केला.

वादाचा निकाल प्रदर्शनात लागत नाही. तो रणात लागतो. १८५४ साली क्रिमियाचे युद्ध पेटले तेव्हा ब्रिटिश सरकारने कोल्टची हजारो पिस्तुले घेतली. अनेक अधिकाऱ्यांनी मात्र स्वतःच्या पैशाने ॲडम्सचे पिस्तूल खरेदी केले. नोव्हेंबरात इंकरमनची लढाई झाली. धुक्यामुळे सैन्ये एकमेकांवर अगदी जवळून आदळली. ८८ व्या पलटणीच्या क्रॉस नावाच्या अधिकाऱ्यास रशियन सैनिकांनी घेरले. तो त्यांतून वाचला आणि पुढे ॲडम्सच्या पेढीस त्याने कळविले की, प्रत्येक बारापूर्वी घोडा ओढावा लागला असता तर आपण जिवंत राहिलो नसतो. चार पावलांवरच्या शत्रूला नेम नको असतो, वेळ हवा असतो. आणि नेमका तोच नसतो. हे त्या पत्राचे सार होय.

१८५५ साली ब्यूमाँट नावाच्या ब्रिटिश लष्करातील अभियंता-अधिकाऱ्याने या भांडणात तडजोड घडवून आणली. ॲडम्सच्या पिस्तुलात त्याने अशी योजना केली की, सवड असेल तर अंगठ्याने घोडा ओढून हलक्या चापाने नेम साधावा आणि सवड नसेल तर चापच ओढून बार करावा. ब्रिटिश लष्कराने हे पिस्तूल स्वीकारले. कोल्टचा लंडनचा कारखाना थोड्याच वर्षांत बंद पडला. आज जगात जेथे जेथे रिव्हॉल्व्हर बनते, तेथे बहुतेक ठिकाणी ब्यूमाँटची ती दुहेरी चाल आणि ॲडम्सचा तो अखंड सांगाडा कायम आहे. घरोघरी नाव मात्र कोल्टचे राहिले!

या तुलनेचा पुढचा अध्याय हिंदुस्थानातच घडला. १८५७ च्या उठावातील एक प्रसंग जॉर्ज फॉस्बेरी या लष्करी अधिकाऱ्याने पुढे एका व्याख्यानात प्रत्यक्षदर्शीच्या तोंडून ऐकलेला म्हणून सांगितला. आपल्या नेमाचा अभिमान बाळगणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्यावर एक धिप्पाड शिपाई तलवार उपसून धावून आला. अधिकाऱ्याजवळ कोल्टचे नौदली पिस्तूल होते. सहापैकी पाच गोळ्या शिपायाच्या छातीत एकमेकींलगत लागल्या आणि पाठीतून आरपार गेल्या. तरीही तो शिपाई थांबला नाही. त्याने तलवारीच्या एका घावात अधिकाऱ्याचे मस्तक फोडले आणि मगच तो त्याच्याशेजारी कोसळून गतप्राण झाला. फॉस्बेरीला यातून लहान गोळीचे वैगुण्य दाखवावयाचे होते. पण ही कथा दुसरेही काही सांगते. नेम अचूक होता, यंत्र बिघडले नव्हते, सर्व बार उडाले होते. आणि तरीही ज्याच्या हाती ते पिस्तूल होते त्याचे रक्षण झाले नाही. पिस्तूल जवळ आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे, हे समीकरण तेव्हाही खरे नव्हते.

त्यानंतरची पन्नास वर्षे वेगाने गेली. १८५७ सालीच स्मिथ आणि वेसन या अमेरिकन जोडीने धातूचे काडतूस मागून भरण्याचे लहानसे सातबारी बाजारात आणले. त्याची गोळी अवघी .२२ इंचाची. आजचा नेमबाज जी गोळी वापरतो तिची ती आजी म्हणावयास हरकत नाही. पुढे धूर न करणारी दारू आली आणि तिच्या मागोमाग स्वयंचलित पिस्तूल आले. बार उडताना जो धक्का हाताला बसतो, तोच वापरून रिकामे काडतूस बाहेर फेकावे आणि नवे आत घ्यावे, ही त्यातली युक्ती. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाचे असे पिस्तूल १९०० च्या सुमारास बेल्जममधील कारखान्यात बनू लागले. त्याची गोळी ७.६५ मिलिमीटरची, म्हणजेच .३२ इंचाची.

आता रिव्हॉल्व्हर विरुद्ध पिस्तूल असा नवा सामना सुरू झाला. रिव्हॉल्व्हरच्या बाजूने असे सांगत की, त्याची रचना समजण्यास सोपी; एखादे काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढावा, पुढचे घर समोर येते. स्वयंचलित पिस्तुलात फुसके काडतूस हाताने बाहेर काढावे लागते आणि गडबडलेल्या माणसाला ते सुचत नाही. पिस्तुलाच्या बाजूने असे सांगत की, ते चपटे असते, गोळ्या अधिक मावतात आणि नवे मॅगझिन क्षणार्धात चढते. यंत्र भरवशाचे आहे काय, ही शंका १९११ साली अमेरिकन सैन्याने फेडून घेतली. ब्राउनिंगने रचलेले कोल्ट कंपनीचे .४५ चे पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल यांतून प्रत्येकी सहा हजार बार काढण्यात आले. सॅव्हेज ३७ वेळा अडले. कोल्ट एकदाही अडले नाही. मार्च महिन्यात ते सैन्याने स्वीकारले आणि पुढे सात दशकांहून अधिक काळ ते चालले.

परंतु पिस्तूल चपटे असते, हा गुण वाटतो तितका साधा नाही. जे खिशात मावते ते लपतेही. १९०९ साली लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून लपवून मुंबईस पाठविली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेल्या जॅक्सन कलेक्टरवर अनंत कान्हेरे या तरुणाने ब्राउनिंग पिस्तूल झाडले. कान्हेरे हा निजामाच्या राज्यात औरंगाबादेस शिकत होता. १९१० च्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. चार दशकांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. त्या ज्या इटालियन बेरेटा पिस्तुलातून सुटल्या, ते दोनच दिवस आधी ग्वाल्हेरीत परवान्यावाचून मिळविलेले होते. या दोन घटनांना इतिहास एकाच तागडीत तोलीत नाही आणि तोलूही नये. येथे सांगावयाचे ते एवढेच की, यंत्राच्या बाजूने पाहता दोन्ही ठिकाणी काम एकाच गुणाने केले: शस्त्र लहान होते आणि ते कोणास दिसले नाही. कारखान्याच्या जाहिरातीत जो गुण म्हणून छापला जातो, तोच समाजाच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका ठरू शकतो.

या साऱ्या रक्तरंजित हकिकतीच्या शेजारीच एक दुसरा, शांत इतिहास वाहत आला आहे. तो आहे नेमबाजीच्या खेळाचा. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले तेव्हाच पिस्तुलाची स्पर्धा होती. जॉन आणि समनर पेन हे अमेरिकन बंधू कोल्ट आणि स्मिथ-वेसन यांची रिव्हॉल्व्हरे घेऊन आले आणि त्यांनी एकेक स्पर्धा जिंकली. त्या काळी खेळाचे पिस्तूल आणि लढाईचे पिस्तूल यांत फारसे अंतर नव्हते. पुढे ते अंतर वाढत गेले.

आज पंचवीस मीटरच्या स्पर्धेत जे पिस्तूल चालते, ते घराच्या रक्षणासाठी मागणाऱ्याला विचित्रच वाटेल. गोळी .२२ ची, म्हणजे धक्का जवळजवळ नाही. लाकडी मूठ खेळाडूच्या तळहाताच्या मापाने कोरलेली. ती दुसऱ्याच्या हातात नीट बसतसुद्धा नाही. चाप किमान एक किलोग्रॅम भाराचा असावा, पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे नियम ठरलेले आहेत. दहा मीटरच्या स्पर्धेत तर दारूही नाही. कोंडलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटरचा छर्रा सुटतो आणि दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे असते. कोल्टचा हलका चाप आणि स्थिर हात यांचा वारसा या खेळाने घेतला. ॲडम्सची घाई त्याने सोडून दिली. जलद नेमबाजीच्या प्रकारात पाच लक्ष्यांवर आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत पाच बार काढावे लागतात. पण तेथेही घाई ही शिस्तीची दासी आहे.

या खेळात खरी कसोटी शस्त्राची नसून माणसाची असते, हे कारोली ताकाच याने दाखविले. हंगेरीच्या सैन्यातील हा नेमबाज. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने नेमबाजी पुन्हा पहिल्यापासून शिकण्यास आरंभ केला. मध्ये महायुद्ध गेले. १९४८ साली लंडन येथे आणि १९५२ साली हेलसिंकी येथे जलद नेमबाजीचे सुवर्णपदक त्याने त्याच डाव्या हाताने मिळविले. भारतातही हा खेळ आता रुजला आहे. त्याच प्रकारात विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई सामन्यांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. आशियाई सामन्यांत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. २०२४ साली पॅरिस येथे मनू भाकर यांनी हवेच्या पिस्तुलावर दोन कांस्यपदके मिळविली, त्यांतील एक सरबज्योत सिंग यांच्या जोडीने. कोल्हापूरच्या एखाद्या मुलीने आज पिस्तूल हाती घेतले, तर ते कोणाला मारण्यासाठी नव्हे, स्वतःचा श्वास आवरण्यासाठी, हा बदल लहान नव्हे.

मग घरात ठेवण्याच्या पिस्तुलाचे काय? येथे तुलना करणाऱ्यास निवड करण्यापूर्वी कायद्याचा उंबरठा ओलांडावा लागतो. १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने हिंदी माणसावर परवान्याचे बंधन घातले आणि गोऱ्यांना त्यातून सूट दिली. त्या अन्यायाची टोचणी राष्ट्रीय चळवळीत दीर्घकाळ होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. वर्णभेद गेला, परवाना राहिला. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यास शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. नामवंत नेमबाजांसाठी वेगळी तरतूद आहे. सैन्य आणि पोलीस वापरतात त्या ९ मिलिमीटरसारख्या गोळ्यांची शस्त्रे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून भारतीय गृहस्थाची निवड बहुधा .३२ पाशी येऊन थांबते. सरकारी शस्त्रनिर्माणींनी बनविलेले .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३२ चे पिस्तूल हेच त्याच्यासमोरचे नेहमीचे पर्याय. त्यांतील पिस्तुलाची गोळी म्हणजे ब्राउनिंगची तीच जुनी ७.६५ मिलिमीटरची गोळी! २०१४ साली कानपूरच्या निर्माणीने 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, बार सहा, किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास. दिल्लीतील २०१२ च्या अमानुष घटनेनंतर स्त्रियांच्या रक्षणासाठी म्हणून ते पुढे करण्यात आले. शस्त्र हलके झाले हे खरे. पण हलक्या शस्त्राचा धक्का हातास अधिक बसतो आणि आखूड नळीचा नेम साधण्यास अधिक सराव लागतो. ज्या स्त्रीला रात्री बसथांब्यावर उभे राहावे लागते तिच्यापैकी कितीजणींना सव्वा लाख रुपये आणि सराव दोन्ही परवडणार, हा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला आणि तो योग्यच होता.

खेळाचे शस्त्र आणि रक्षणाचे शस्त्र अशी वाटणी केली की विवेचन संपले, असे कोणास वाटेल. पण ती वाटणी माणूस करतो. शस्त्र ती पाळीत नाही. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एक इसम चार पिस्तुले घेऊन शिरला. दोन स्वयंचलित पिस्तुले होती, दोन रिव्हॉल्व्हरे. चारही परवान्याची, नेमबाजीच्या छंदासाठी म्हणून घेतलेली. व्यायामशाळेत जमलेली पाच-सहा वर्षांची सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका त्या दिवशी मरण पावली. रिव्हॉल्व्हर चांगले की पिस्तूल, हा कोल्ट आणि ॲडम्स यांच्या काळापासूनचा वाद त्या शाळेच्या दारात किती क्षुद्र ठरला! १९९७ साली ब्रिटनने दोन कायदे करून खाजगी मालकीची बहुतेक सर्व पिस्तुले बंद केली. प्रथम मोठ्या गोळीची आणि नंतर खेळातली .२२ सुद्धा. लाखाहून अधिक पिस्तुले नागरिकांनी सरकारजमा केली. निरपराध खेळाडूंनाही आपला खेळ सोडावा लागला किंवा सरावासाठी परदेशी जावे लागले. २००२ साली मँचेस्टर येथे राष्ट्रकुल सामने भरले तेव्हा पिस्तुलाच्या स्पर्धांसाठी सरकारला खास सवलत द्यावी लागली. ज्या शहरात कोल्ट आणि ॲडम्स यांनी आपला माल अभिमानाने मांडला, त्याच शहरातील संसदेने दीडशे वर्षांच्या आत हा निर्णय घेतला. त्या खेळाडूंवर अन्याय झाला, असे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण त्या सोळा घरांतील आईबापांसमोर ते मांडावयाचे कसे, हेही त्यांना सांगता आले पाहिजे.

भारताने मार्ग वेगळा पत्करला आहे. येथे परवाना आहे आणि खेळही आहे. तो मार्ग टिकावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यावर जबाबदारीही मोठी आहे. नेमबाजीच्या आखाड्यात नवशिक्यास पहिला धडा नेम धरण्याचा देत नाहीत. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजून वागावे, नळीचे तोंड माणसाकडे वळू देऊ नये, लक्ष्य समोर आल्यावाचून बोट चापावर नेऊ नये, हा तो पहिला धडा. घरात शस्त्र ठेवणाऱ्याने त्यात आणखी एक धडा जोडावा: शस्त्र कुलपात ठेवावे, काडतुसे वेगळी ठेवावी आणि किल्ली मुलांना सापडणार नाही अशी ठेवावी. घरातील शस्त्र चोरापेक्षा घरच्या माणसांच्या अधिक जवळ असते. राग, दारू, निराशा आणि लहान मुलांचे कुतूहल यांना दार फोडावे लागत नाही.

तेव्हा चांगले पिस्तूल कोणते? खेळाडूसाठी ते, ज्याचा चाप त्याच्या बोटाला कळतो आणि जे त्याला स्वतःच्या चुका लपवू देत नाही. रक्षणासाठी घेणाऱ्याने रचना सोपी पाहावी, आपल्या हाताला झेपेल ते घ्यावे आणि सराव करावा. सराव होणार नसेल तर घेऊ नये. एवढे उत्तर १८५१ पासूनच्या तुलनेतून मिळते. पण ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिला प्रश्न, ते कोणाच्या हाती जाणार आणि रात्री कोठे राहणार, हा. कोल्टने तो विचारला नाही, ॲडम्सने विचारला नाही. विक्रेत्याकडून तशी अपेक्षाही नसते. तो विचारण्याचे काम विकत घेणाऱ्याचे, त्याच्या घरच्यांचे आणि परवान्यावर सही करणाऱ्याचे आहे. त्यांनी तो दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच विचारला पाहिजे.